साठ डझन

खिडकीतल्या माणसानं विचारलं,
पेशंट तुमचे कोण?
मी म्हटलं, कोणी नाही.
ते खोली नंबर अठरा, मी सतरा.
नळावरून दोन वर्षं अबोला आहे आमचा.
तो म्हणाला, ताई, मागची लाइन बघा,
आणि लिहिलं : मुलगी.

आत कॉट नव्हती.
म्हणजे कॉटा होत्या. एकेका कॉटवर दोघं,
एकाच्या उशाला दुसऱ्याचे पाय,
खाली पुठ्ठ्यावर तिसरा,
त्याच्या मनगटाच्या चिकटपट्टीवर पेनानं : फ्लोअर चौदा.
हडकरांना ट्रॉली मिळाली, तीन चाकांची.
चौथ्याच्या जागी बावकर मामांनी वीट सरकवली
आणि दुसऱ्या कोणाच्या हाकेला गेले.

डॉक्टर म्हणजे पोरगीच.
वेणीचं टोक ॲप्रनच्या खिशात खोचलेलं,
त्याच खिशात अर्धा बिस्किटांचा पुडा.
तिनं हडकरांच्या घशात नळी घातली,
नळीला फुगा लावला, निळा,
आणि फुगा माझ्या हातात दिला.
व्हेंटिलेटर वर सगळे भरलेत.
खाली होईपर्यंत दाबत राहा.
पाच मोजायचे, एकदा दाबायचा.
झोपायचं नाही हां.

मी काळाचौकीची काजबटणवाली.
मला मोजायला शिकवू नका.
सात बटणं, एक शर्ट.
बारा शर्ट, एक डझन.
मी हडकरांना श्वास लावत गेले
कॉलरपासून खाली, एकेक,
दोरा न तोडता.

चौथ्या डझनाला एक पोरगा आला,
तुटलेलं बोट मासळीच्या बर्फात, पिशवीत.
त्याला बाक दाखवला.
नवव्या डझनाला हवालदार आणि त्याचा चोर
एकाच बेडीत, एकमेकांच्या खांद्यावर झोपले.
बर्फाचं पाणी झालं.
पोरगा पिशवी उजेडात धरून बघायचा,
पुन्हा मांडीवर ठेवायचा.
कोणीतरी ओरडलं, काच फोडीन.
कोणी फोडली नाही. ओरडणाराच
नंतर सगळ्यांना पाण्याची बाटली विचारत फिरला.

विसाव्या डझनाला माझ्या डोक्यात शिरलं,
वर खाली होणं म्हणजे काय.
म्हणजे तिथं कोणीतरी.
आणि मी इथं लिफ्टच्या दाराकडे
बघत होते,
आशेनं. हो, आशेनंच.

शेजारच्या भिंतीशी एक रंगारी बसला होता.
नखांत पांढरा ऑइलपेंट.
त्याची आई रांगेत आमच्या पुढं होती.
साडेअकराला नव्हती.
आता तो कागदांसाठी थांबलेला,
आणि रिकामी मूठ
अजून उघडत होती, मिटत होती.
म्हणाला, द्या इकडं. चहा पिऊन या.
चहा पिऊन आले तरी परत देईना.
अकरा डझन त्याचे. मी मोजलेत.
त्याच्या नावाची हाक आली तेव्हा
फुगा माझ्या हातात देऊन
निघून गेला. नाव ऐकायचं राहून गेलं,
मी पाच मोजत होते.

चार वाजून दहा मिनिटांनी लिफ्ट उघडली.
वरच्या टेबलावर नव्यानं कागद झाला.
दाखल : पहाटे ४.१०.
मी म्हटलं, आम्ही नऊपासून आहोत.
बेड मिळाल्यापासून धरतात, ताई.
म्हणजे कागदावर
नऊ ते चार हडकर कुठंच नव्हते.
आणि साठ डझन मी
कोणाला घातले, ते विचारायचं कोणाला?
बाकी सगळं जुन्या पेपरवरून उतरवलं.
नाव, वय, पत्ता. मुलगी.
मी काही बोलले नाही.

सहाला पाणी येतं.
बसमध्ये अंगठा आपोआप दाबत होता,
समोरच्या सीटचा दांडा.
चाळीत पोचले, नळ सुरू झालेला.
आधी अठराच्या दारातलं पिंप भरलं.
माझं अर्ध्यावर आलं
आणि पाणी गेलं.